कांद्याच्या वाफ्यातली पंढरी

आषाढ शुद्ध नवमीला महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत कांद्याचाच बेत असतो. खेकडा भजी, कांद्याची थालीपिठं, भरले कांदे, पीठ पेरून केलेली भाजी. ही कांदेनवमी. दोन दिवसांनी एकादशी येते, चातुर्मास लागतो आणि जुन्या वळणाच्या घरांतून कांदा-लसूण कार्तिकापर्यंत हद्दपार होतात. नैवेद्याच्या ताटात तर कांद्याला बाराही महिने जागा नाही. जैन घरांत कांदा, लसूण, मुळा तिन्ही वर्ज्य, कारण हे सगळं जमिनीखालचं. उपटलं की झाडच संपतं आणि मातीतले जीवही मरतात.

हे ध्यानात ठेवून संत सावता माळ्यांची ही ओळ पुन्हा वाचावी: ‘कांदा मुळा भाजी । अवघी विठाई माझी ॥’

शाळेच्या पुस्तकापासून भजनी मंडळापर्यंत ही ओळ आपल्या कानांवरून इतकी गेली आहे की तिच्यातला धक्का आता लागत नाही. वारकरी गळ्यात तुळशीची माळ घालतो, विठ्ठलाला तुळशीहार घालतो. सावता माळ्यांच्या मळ्यातही फुलझाडं होती. तरी विठाईला ओळखायची वेळ आली तेव्हा त्यांनी देवाच्या ताटाबाहेर ठेवलेला कांदा सगळ्यांत आधी उचलला. पुढे लसूण घेतली, कोथिंबीर घेतली. देव निसर्गात आहे असं म्हणणारे पुष्कळ आहेत. तो उग्र वासाच्या, डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या, बाजारात वजनावर विकल्या जाणाऱ्या कंदात आहे असं म्हणायला मळ्यात राबलेला माणूसच हवा.

सावतोबा अरणचे. आजच्या सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातलं हे गाव. परंपरेनुसार त्यांचा जन्म १२५० सालचा आणि समाधी १२९५ सालची, आषाढ वद्य चतुर्दशीची. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या समाधीच्या एक वर्ष आधी. त्यांचे जेमतेम ३७ अभंग आपल्यापर्यंत पोहोचले आणि ते काशिबा गुरवांनी लिहून ठेवले, असं सांगतात. पंढरपूर तिथून काही फार लांब नाही, तरी मळा सोडून ते पंढरीला गेले नाहीत, अशीच त्यांची आठवण वारकऱ्यांनी जपली आहे. आजही आषाढीला बाकीच्या संतांच्या पालख्या पंढरपूरला जातात, सावतोबांची जात नाही. उलट पंढरपूरहून पांडुरंगाचीच पालखी त्यांच्या भेटीला अरणला येते.

त्या शतकात घर सोडण्याला मोठी प्रतिष्ठा होती. चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथात संन्याशानं नाती तोडायची, भिक्षेवर राहायचं आणि एका जागी रमायचं नाही. नाथजोगी गावोगाव फिरत. ज्ञानेश्वरांचे वडील विठ्ठलपंत संन्यास घेऊन परत संसारात आले, तर त्याची शिक्षा चार लेकरांना भोगावी लागली. संन्यास घेणं आणि मोडणं हा तेव्हा पोथीतला वाद नव्हता, त्यावर माणसांची आयुष्यं उद्ध्वस्त होत. अशा काळात अरणचा एक माळी म्हणतो की माझी विहीर, माझा नाडा, माझी दोरी, अवघी पंढरीनं व्यापली आहे. गोरोबा तेरला मडकी घडवत होते, नरहरी सोनार दागिने घडवत होते, सेना महाराज हजामती करत होते. त्यांचंही म्हणणं हेच. पण सावतोबांचं काम जिवंत वस्तूंशी होतं, म्हणून त्यांचं म्हणणं तपासायला सगळ्यांत अवघड आहे आणि सगळ्यांत फळणारंही.

निसर्गात देव शोधायचा म्हटलं की मन आधी डोंगराकडे, जंगलाकडे धाव घेतं. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतात बसत, झाडंवेली त्यांना सोयरी वाटत. त्या अनुभवाचं मोल मोठंच आहे. पण जंगल आपण असलो-नसलो तरी चालू राहतं. मळ्याचं तसं नाही. चैत्राच्या उन्हात पाण्याची पाळी चार दिवस चुकली तर मेथी माना टाकते, कोथिंबीर फुलावर जाते आणि लसणीची पात टोकाकडून पिवळी पडते. सावतोबांचा देव असा हातावर पोसलेला होता. त्याला सोडून तीर्थाला जायचं म्हणजे त्यालाच पाण्यावाचून ठेवायचं. त्यांनी पंढरी टाळली ती आळसानं किंवा बंडखोरीनं, असं मला वाटत नाही. सोलापूर जिल्ह्यात वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बेभरवशाचा. अशा मुलखात भाजीपाल्याची बागाईत करणारा माणूस विहिरीपासून दूर जाऊच शकत नाही.

आणि विहिरीतून पाणी काढायचं साधन होतं मोट. ‘मोट नाडा विहीर दोरी । अवघी व्यापिली पंढरी ॥’ ही ओळ कळायला मोट कशी चालते ते माहीत हवं, कारण आता ती पाहिलेली माणसंही कमी होत चालली. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी. तिचं वरचं तोंड लोखंडी कड्यानं ताणलेलं असतं आणि खाली निमुळती लांब सोंड असते. तोंडाला बांधतात तो जाड दोर नाडा. तो विहिरीच्या काठावरच्या उंच चाकावरून बैलांच्या जुवाकडे येतो. सोंडेच्या टोकाला बांधतात ती बारीक दोरी सोंदूर. ती खाली, थारोळ्याच्या म्हणजे मोट जिथे रिकामी होते त्या कुंडाच्या काठाशी बसवलेल्या कण्यावरून, म्हणजे आडव्या फिरत्या रुळावरून येते. बैल उतरत्या धावेवरून खाली चालत जातात, मोट वर येते. मागे सरत धाव चढतात, मोट खाली जाते. धावेची लांबी साधारण पाण्याच्या खोलीएवढी ठेवावी लागते. मोठ्या मोटेत शंभर-दीडशे लिटर पाणी सहज मावतं.

सगळं कसब या दोन दोरांच्या लांबीत आहे. मोट वर येत असते तेव्हा सोंड दुमडून उभी राहायला हवी, म्हणजे पाणी सांडत नाही. मोट काठाच्या वर आली की कण्यापाशी पोचलेली सोंड थारोळ्यात आडवी होते आणि पाणी धो-धो ओतलं जातं. सोंदूर सैल राहिली तर सोंड लोंबते, वाटेतच गळते आणि निम्मं पाणी परत विहिरीत जातं. सोंदूर आखूड झाली तर मोटेचं वजन सोंडेवर येतं आणि चामडं शिवणीत उसवतं. नाडा भिजतो, सुकतो, ताणला जातो. म्हणून दोन दोरांचा मेळ पुन्हा पुन्हा जमवावा लागतो. चामडं कोरडं पडलं तर तडकतं, त्यामुळे काम नसतानाही मोट ओलवून आणि तेल देऊन ठेवावी लागते. पाणी थारोळ्यातून पाटात, पाटातून दांडात, दांडातून वाफ्यात. तिथे खोरं घेऊन दुसरं माणूस दारं धरतं. एक वाफा भरला की त्याचं दार मातीनं बुजवायचं आणि पुढच्याचं मोडायचं.

यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. मोट चामड्याची. मेलेल्या जनावराच्या कातड्याची. सोवळ्यात त्या पाण्याला विटाळ, ते कातडं कमावणाऱ्या हातांना विटाळ. चोखोबा सावतोबांच्याच काळातले, मंगळवेढ्याचे, आणि त्यांना विठ्ठलाच्या देवळात पाऊल टाकता आलं नाही. अस्पृश्य मानलेल्या समाजांना ते दार उघडायला १९४७ साल उजाडावं लागलं, तेही साने गुरुजींच्या उपोषणानंतर. त्या पंढरीला सावतोबांनी कातड्याच्या मोटेत पाहिलं. मळ्यात काम करणाऱ्याला हे कदाचित धाडस वाटलंही नसेल. ज्या वस्तूमुळे रोपं जगतात ती अपवित्र आहे, हे त्याच्या हातांना कधी पटणार नाही.

आता कांद्याकडे येऊ. या पिकात विठाई पाहायची तर ते पीक नीट पाहावं लागतं, आणि कांदा पाहण्यासारखा आहेच.

रब्बीच्या कांद्याचं बी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत गादीवाफ्यावर टाकतात. गादीवाफा एक मीटर रुंद, तीन-चार मीटर लांब आणि १५ सेंटिमीटर उंच असावा, म्हणजे जास्तीचं पाणी निघून जातं आणि दोन्ही बाजूंनी हात पोचतो. एक हेक्टर कांद्याला आठ ते दहा किलो बी आणि सुमारे दहा गुंठे रोपवाटिका लागते. बी फोकून द्यायचं नाही. पाच ते सात सेंटिमीटरवर आडव्या रेघा ओढून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खोल पेरायचं आणि चाळलेल्या शेणखतानं झाकायचं. दाट पेरलं की रोपं एकमेकांच्या सावलीत लांबट आणि नाजूक होतात, आणि मर रोग लागला की पट्ट्यानं कोलमडतात. उगवून येतं तेही बघण्यासारखं असतं: हिरवा धागा मधोमध वाकून कमान करून मातीबाहेर येतो आणि दोन-चार दिवसांनी टोक सोडवून उभा राहतो. बऱ्याचदा काळ्या बियांचं टरफल त्या टोकावर अडकलेलं असतं.

सहा-सात आठवड्यांची रोपं लावणीला येतात. उपटण्याच्या आदल्या दिवशी वाफ्याला पाणी द्यायचं, म्हणजे मुळं तुटत नाहीत. पातीचा वरचा एक तृतीयांश भाग छाटायचा. दोन ओळींत १५ सेंटिमीटर आणि दोन रोपांत १० सेंटिमीटर अंतर ठेवायचं. रोप खोल गाडलं तर कांदा गोल न होता लांबुळका होतो आणि मान जाड राहते. फार वर लावलं तर पहिल्याच पाण्यात आडवं होतं. लावणी करणाऱ्या बायका अंगठ्यानं माती दाबून दिवसभर हे अंतर मनानं राखतात, त्यांच्या हाताला मोजपट्टी लागत नाही.

पुढचे दोन महिने कांदा नुसती पात वाढवतो. प्रत्येक नवं पान आधीच्या पानाच्या पोकळीतून बाहेर येतं. ज्याला आपण कांद्याचे पापुद्रे म्हणतो ती या पानांचीच फुगलेली बुडं. खरं खोड म्हणजे तळाशी असलेली ती छोटी टणक चकती, जिच्यातून मुळं फुटतात. दिवस मोठा व्हायला लागला आणि ऊन तापायला लागलं की नवी पानं येणं थांबतं आणि पातीनं केलेलं अन्न बुडात साठू लागतं. नवं पान आतून येईनासं झालं की मान पोकळ पडते, तिला आतला आधार उरत नाही आणि एक दिवस हिरवी पात मानेत मोडून आडवी होते. शेतकरी याला माना पडणं म्हणतात. निम्म्या शेतात माना पडल्या की कांदा काढणीला आला. पायानं किंवा पिंप फिरवून माना मुद्दाम पाडणारे लोक आहेत. त्यानं कांदा पक्व होत नाही, नुसती जखम होते आणि तिच्यातून सड शिरते.

कांद्याची मुळं उथळ, वरच्या वीतभर मातीत राहणारी. म्हणून त्याला हलकं आणि वेळच्या वेळी पाणी हवं. पंधरा दिवस ताण देऊन एकदम तुंबवलं तर कांदा आतून दुभंगतो आणि जोडकांदे निघतात. वाफ्याला उतार राहिला तर शेवटाकडे पाणी साचून सड लागते आणि वरच्या अंगाला माती भेगाळते. दोन महिन्यांनंतरही युरिया टाकत राहिलं तर पात जोमदार दिसते, पण मान जाड होते, वाळत नाही आणि असा कांदा साठवणीच्या चाळीत पहिल्यांदा कुजतो. कोवळ्या वयात रोप मोठं झालं आणि मग थंडी लांबली तर कांदा न धरता डेंगळा म्हणजे फुलाचा दांडा येतो, कारण त्याचा स्वभाव मुळात दोन वर्षांचा: एका वर्षी साठवायचं, थंडी भोगायची आणि दुसऱ्या वर्षी फुलायचं. थंडी गेली असं समजून तो फुलावर येतो. त्यात त्याची चूक नाही, पेरणाऱ्यानं घाई केलेली असते.

काढणीच्या पंधरा-वीस दिवस आधी पाणी तोडायचं. उपटलेला कांदा तीन-चार दिवस शेतातच असा पसरायचा की एका ओळीचा कांदा दुसऱ्या ओळीच्या पातीखाली झाकला जाईल. उघड्यावर राहिला तर ऊन लागून वरचं साल पोळतं. मग तीन ते पाच सेंटिमीटर मान ठेवून पात कापायची आणि दहा-बारा दिवस सावलीत सुकवायचं. मान त्याहून आखूड कापली तर ती मिटत नाही. चाळीत ढीग चार-पाच फुटांपेक्षा उंच नको आणि खालून वारा खेळायला हवा. दर काही दिवसांनी एक फेरी मारून वास घ्यायचा. एक सडका कांदा शेजारच्या दहांना बिघडवतो आणि नाकाला ते डोळ्यांच्या आधी कळतं.

हे सगळं इतक्या तपशिलात सांगितलं, कारण माझ्या समजुतीप्रमाणे सावतोबांची भक्ती इथेच आहे. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात स्वकर्माची फुलं ईश्वराला वाहण्याची कल्पना येते. तिथे कर्म हे फूल आहे, म्हणजे रूपक आहे. सावतोबांनीही एका अभंगात शांतीची शेवंती फुलवली, प्रेमाची जाईजुई लावली. ते सुंदर आहे, पण मला कांदा-मुळ्याची ओळ त्याहून मोठी वाटते. तिच्यात रूपक नाही. कांदा म्हणजे काही दुसरं नाही. कांदाच विठाई. मग त्या विठाईला तहान लागली आहे का, तिच्या पातीवर फुलकिड्यांचे चंदेरी चट्टे आले आहेत का, तिच्या मुळाशी पाणी तुंबलं आहे का, हे पाहणं म्हणजेच दर्शन. गाभाऱ्यात मूर्तीकडे पाहताना आपण जितका वेळ स्थिर उभे राहतो, त्याहून जास्त वेळ पातीचं एक पान उलटून पाहायला लागतो. फुलकिडे पानांच्या बेचक्यात, गाभ्याजवळ लपतात. नुसतं वरून पाहणाऱ्याला ते दिसत नाहीत.

पण इथे एक खडतर प्रश्न येतो आणि तो टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं नाही. अवघी विठाई म्हणायचं तर तणाचं काय? फुलकिड्याचं काय? हराळी घ्या. मळ्यात हराळी शिरली तर कांद्याचा वाफा जातो. तिचे धावते कांडे जमिनीवर पसरतात आणि पांढरी मुळकांडं खोल जातात. खुरप्यानं वरून कापली तर प्रत्येक तुकडा फुटतो, म्हणजे एकाची दहा होते. ती काढायची रीत एकच: उन्हाळ्यात खोल नांगरट, वर आलेल्या काशा वेचून बांधाबाहेर न्यायच्या आणि कडक उन्हात वाळवायच्या. दोन-तीन उन्हाळे हे करावं लागतं. आणि हीच हराळी म्हणजे दूर्वा. गणपतीला एकवीस वाहतात ती. सकाळी जिची जुडी देवाला वाहिली, तीच दुपारी कुदळीनं खणून काढायची.

मला यात विसंगती दिसत नाही. माळी हराळीचा द्वेष करत नाही, तिला तिची जागा दाखवतो. बांधावर हराळी हवीच, ती माती धरून ठेवते. वाफ्यात नको. डोंगरावर जाऊन बसलेल्या माणसाला असे निवाडे करावे लागत नाहीत, त्याला सगळंच सारखं पवित्र म्हणता येतं. मळ्यात राहणाऱ्याला रोज सकाळी ठरवावं लागतं की कोण राहील आणि कोण जाईल, आणि तरी हात क्रूर होऊ द्यायचा नसतो. कांद्यावर सरसकट विषारी फवारे मारले की फुलकिड्यांबरोबर त्यांना खाणारे किडेही मरतात आणि पुढच्या खेपेला फुलकिडे दुप्पट येतात. त्याऐवजी वाफ्याभोवती मक्याच्या दोन ओळी कडेनं लावल्या तर बाहेरून येणारे फुलकिडे अडतात. अर्धं कच्चं शेणखत घातलं की मुळं खाणारी हुमणी अळी त्याच्याबरोबर येते, म्हणून खत पुरतं कुजू द्यायचं. मुठीत धरल्यावर त्याला शेणाचा वास न येता पावसाळी मातीचा वास यायला हवा.

दुसरा प्रश्न काढणीचा. जी विठाई, ती उपटायची, तिचे केस कापायचे, पोत्यात भरायची, काट्यावर चढवायची? सोलापूरची बाजार समिती कांद्याच्या मोठ्या बाजारांपैकी एक आहे. आवकेच्या दिवसांत तिथे गोण्यांच्या थप्प्यांमधून वाट काढावी लागते आणि भाव पडला तर गाडीभाडंही निघत नाही. संन्यासाच्या वाटेनं जाणारा म्हणेल की हाच तो मायेचा बाजार, यातून सुटायला हवं. सावतोबा सुटायला तयार नाहीत. ‘नको तुझी भुक्ति नको तुझी मुक्ति । मज आहे विश्रांती वेगळीच ॥’ असं ते देवालाच सांगतात. मोक्षही नको म्हणणारा माणूस शेतीचं सुख भोगत बसला होता असं कुणी समजू नये. मळ्यात विश्रांती कुठून असणार? ज्यानं दिवसभर दारं धरली आणि शेवटचा वाफा भरून निघालेला पाहिला, त्यालाच ती वेगळी विश्रांती कळेल. खाणाऱ्याच्या ताटात गेल्यानं विठाई संपते असंही ते मानत नसावेत. जो देव कुणाची भूक भागवत नाही, तो माळ्याच्या काय कामाचा?

अभंगात पुढे ‘लसूण मिरची कोथिंबिरी’ येते. यातली मिरची अभ्यासकांना खटकते आणि ते बरोबरच आहे. मिरचीचं झाड मूळ अमेरिकेतलं, ते पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आपल्याकडे आलं. तेराव्या शतकातल्या अरणात ते असणं शक्य नाही. मला मात्र ही मिरची प्रिय आहे. अभंग तोंडोतोंडी फिरला आणि कुठल्या तरी पिढीत कुणी तरी आपल्या वाफ्यात जे नवं उगवलं होतं, त्यालाही विठाईत घेतलं. परदेशातून आलेल्या रोपाला देवपण द्यायला गाणाऱ्यांनी खळखळ केली नाही. आज अरणच्या शिवारात गाणारा कुणी ठिबकच्या नळ्यांनाही या ओळीत बसवू शकेल. मोट जाऊन डिझेल इंजिन आलं, मग विजेचा पंप, मग ठिबक. १२० सेंटिमीटर रुंदीच्या गादीवाफ्यावर दोन नळ्या टाकल्या की कांद्याला पाणी कमी लागतं आणि पात कोरडी राहिल्यानं करपा रोग आटोक्यात राहतो. पण फिल्टर वेळेवर धुतला नाही तर नळीच्या शेवटची छिद्रं बुजतात आणि तिथली रोपं वाळतात. सोंदुरीचा मेळ जमवणं आणि फिल्टर धुणं ही एकाच जातीची सेवा आहे.

ज्याच्याकडे विहीर नाही, शिवार नाही, त्यानं मुळ्यापासून सुरुवात करावी. एक मीटर बाय दोन मीटरचा वाफा पुरे, तोही नसेल तर फूटभर खोलीचं पसरट टब. माती भुसभुशीत हवी, खडे वेचून टाकलेले हवेत. खडा आडवा आला की मुळा दोन पायांचा होतो, कच्चं खत लागलं तरी तसाच फाटतो. बी सेंटिमीटरभर खोल, दोन रोपांत चार बोटं अंतर. दाट उगवल्यास आठव्या-दहाव्या दिवशी विरळणी करावी. उपटलेल्या कोवळ्या पानांची भाजी होते. उन्हाळ्यात पुसा चेतकीसारखी उष्णता सोसणारी जात घ्यावी. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत मुळा तयार होतो, त्यानंतर तो जमिनीत ठेवला तर आतून जाळीदार आणि तिखट होतो. एक-दोन झाडं मात्र मुद्दाम ठेवावीत. त्यांना जांभळट पांढरी फुलं येतात, मधमाश्या येतात आणि मग डिंगऱ्या म्हणजे मुळ्याच्या शेंगा लागतात. त्यांची भाजी ज्यानं खाल्ली नाही त्याला मुळा अर्धाच माहीत आहे.

शेजारी कोथिंबीर टाकायची तर धणे तसेच पेरू नयेत. एका धण्यात दोन बिया असतात. फळीनं किंवा लाटण्यानं हलके रगडून ते दुभंगायचे, रात्रभर भिजवायचे, सावलीत थोडे सुकवून पेरायचे. अख्खे पेरले तर उगवण उशिरा आणि विरळ होते. जोर लावून रगडले तर बी चिरडतं.

कांद्याचं बी घरी धरायचं असेल तर चाळीत टिकलेल्या कांद्यांतून मध्यम आकाराचे, एका डोळ्याचे म्हणजे आत एकच कोंब असलेले, बारीक मानेचे कांदे निवडून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावावेत. वरचा पाव भाग कापून पाहिला तर आत एकच डोळा आहे की जोड आहे ते कळतं. जानेवारी-फेब्रुवारीत गोंडे फुलतात. एकेका गोंड्यात शेकडो बारीक पांढरी फुलं, आणि प्रत्येक फुलाचा पराग आधी मोकळा होतो, मादीचा भाग नंतर तयार होतो. म्हणजे त्या फुलाला स्वतःचा पराग स्वतःला लावता येत नाही, मधमाशी लागतेच. या दिवसांत कीटकनाशक फवारलं तर गोंडा भरलेला दिसतो आणि बी हाती येत नाही. शेजारी दुसऱ्या जातीचा कांदा फुललेला असेल तर बी भेसळ होतं, म्हणून किलोमीटरभराचं अंतर राखावं लागतं. गोंड्यावरच्या काही बोंडांतून काळं बी दिसू लागलं की गोंडे कापायचे. सगळे एकदम पिकत नाहीत, तीन-चार वेळा तोडणी करावी लागते. सावलीत सुकवून, काठीनं झोडपून, पाखडून बी हवाबंद डब्यात ठेवायचं. कांद्याच्या बियाण्याची उगवणशक्ती वर्षभरात झपाट्यानं घटते, म्हणून ते येत्या ऑक्टोबरलाच पेरायचं, पुढच्या वर्षावर ठेवायचं नाही.